उलटा हात

ज्याला पटणार नाही त्याने सरळ केशोरीला जावं. गावात कोणालाही परसरामजींचं घर विचारावं. मागच्या अंगणात न्हाणीघर आहे. त्याच्या भिंतीत खिळ्याचं एक भोक आहे, अजून बुजवलेलं नाही. बोट लावून पाहावं, मग माझ्याशी वाद घालावा.

आणि अंधाराची वाट पाहू नका. हे सगळं दिवसाढवळ्या घडलं. मागच्या पौषात, धान चुरून झालं होतं तेव्हा, लखलखीत उन्हात.

दुर्गेश्वरी माझी मावसबहीण. मी गोंदियाला असते. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या सगळ्या नातेवाइकांचं म्हणणं आहे, असू द्या. पण या गोष्टीत मी पदरचा एक शब्द घालणार नाही. तिने मला सांगितलं तसं सांगते. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलं.

तिचा नवरा हिमांशु. लाइटफिटिंगचं काम करायचा. नागपूरला मोठमोठ्या हॉटेलांची सीलिंग करून आलेला माणूस. डावखुरा. वायरीला पीळ द्यायचा तोसुद्धा डावीकडे, जगाच्या उलटा.

त्याची एक सवय होती.

कशालाही हात लावायच्या आधी तो मेन बंद करायचा. मग टेस्टर लावून पाहायचा. आणि एवढं करूनही पहिला हात उलटा लावायचा. तळवा नाही, बोटांची मागची बाजू.

"तळहातानं धरलं तं करंट मूठ आवळून घेते," तो म्हणायचा. "मंग सुटका नाही. उलट्या हाताले झटकून तरी देते."

ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरातही तेच. आईचा ताप पाहायचा तर उलटा हात. दुधाचं गंज, म्हणजे पातेलं, गरम आहे का पाहायचं तर उलटा हात. दुर्गेश्वरी रुसून बसली तर तिच्या गालालाही उलटाच हात.

"मी का लाइटचा बोर्ड आहो का?" ती फणकारायची.

"बोर्डापेक्षा जास्त करंट आहे तुह्यात, बाप्पा!"

असं त्यांचं चालायचं. बघणाऱ्याला हसू यायचं.

मागच्या वर्षी त्याने बायकोसाठी नवीन न्हाणीघर बांधायला घेतलं. निम्म्या भिंतीपर्यंत टाइल, वर साधा गिलावा. छताला पांढरं प्लास्टिकचं सीलिंग, आणि सीलिंगला गोल भोकं पाडून त्यात बसणारे लाइट. हॉटेलात असतात ना, तसे. अख्ख्या केशोरीत तसं न्हाणीघर नव्हतं.

त्या लाइटची बॉडी धातूची. म्हणून प्रत्येकाला तिसरी वायर लागते, हिरवी. अर्थिंगची. कुठे वायर सुटली, लाइटमध्ये पाणी उतरलं, तर करंट त्या वायरीने जमिनीत जावा, माणसाच्या अंगातून जाऊ नये, म्हणून. अंगणात त्याने अर्थिंगचा खड्डाही खोदून ठेवला होता. मीठ आणि कोळसा पोत्यात भरून तयार होता.

फक्त हिरवी वायर राहिली होती. गावच्या दुकानात होती ती त्याला बारीक वाटली.

"ओल्या जागी असलं चालत नाही," तो म्हणाला. आणि गाडी काढून सडक अर्जुनीला गेला.

परत येताना हायवेवर ट्रकने उडवला.

गाडी नंतर घरी आली. हँडलला हिरव्या वायरीची गुंडाळी तशीच लटकलेली होती. सासऱ्यांनी ती काढली आणि दुर्गेश्वरीच्या खोलीत खुंटीला टांगली. का टांगली, त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुर्गेश्वरी रडली नाही.

बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या, तेव्हा ती मनगटाकडे बघत बसली. कोणा दुसरीच्या बांगड्या फुटत आहेत असं. लोक म्हणाले, दगड झाली. मी तिला जवळ घेतलं, हलवलं, दोन शिव्यासुद्धा घातल्या. माझ्या खांद्यावर तिने डोकं ठेवलं, पण ते ओझं ठेवल्यासारखं.

तिचं अंगच बधिर झालं होतं. एकदा चुलीवरून भाताचं गंज तिने उघड्या हाताने उतरवलं. सासू ओरडली तेव्हा तिला कळलं. बोटांना फोड आले होते. तिला काहीच वाटलं नव्हतं.

"हात माहाच आहे का, हेच समजत नव्हतं," ती मला म्हणाली.

घर तिच्यासाठी थांबणार नव्हतं. नणंद चेतना पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पौषातली थंडी, बाळंतिणीला उघड्यावर कशी आंघोळ घालणार? सासूने, मनकर्णाबाईने, धाकट्या मुलाच्या मागे लकडा लावला. न्हाणीघर पूर्ण कर.

धाकटा हेमेंद्र. भावाच्या हाताखाली चार दिवस पेंचिस-पक्कड धरलेला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. त्याने दोन वायरींवर लाइट जोडले. प्रत्येक लाइटची हिरवी शेपटी मुडपून आत कोंबली.

"तिसरी राहिली," दुर्गेश्वरी दारातून म्हणाली. आवाजात ना राग, ना काळजी.

"वहिनी, लाइट दोन वायरीवर लागते. तिसरी शोभेची असते."

खरं कारण वेगळं होतं. त्याने ते मला नंतर रडत सांगितलं. खुंटीवरची ती गुंडाळी वहिनीकडे मागायची त्याची छातीच झाली नाही. मेलेल्या भावाची शेवटची वस्तू, ती कापायची कशी? आणि ती घरात असताना दुकानातून दुसरी आणायची कशी? मग त्याने स्वतःलाच समजावलं, तिसरी लागतच नाही.

बटण दाबलं. न्हाणीघर दुधासारखं उजळलं. मनकर्णाबाईने बटणाला हळदकुंकू लावलं आणि पदर डोळ्यांना लावला.

दुर्गेश्वरी बघत होती.

तिला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सुरू झालं.

दुपारची वेळ. पुरुष माणसं शेतावर. सासूला डोळा लागलेला. चेतना अजून आली नव्हती. दुर्गेश्वरी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती.

न्हाणीघरातून आवाज आला...

टक्.

तिने सूप थांबवलं.

टक्...

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. त्या लाइटला मागे स्प्रिंग असतात. लाइट खाली ओढला की स्प्रिंग सुटते, टक् वाजते. हिमांशुने तिला गंमत म्हणून दाखवलं होतं.

ती उठली. दाराला बाहेरून कडी होती. तिने कडी काढली.

आत कोणी नव्हतं.

फरशी कोरडी. बादली पालथी. खिडकीला गज.

आणि छतातून एक लाइट... वायरीला धरून खाली लोंबत होता. हळूहळू फिरत होता.

आत काळ्या चिकटपट्टीचा वास होता. नवीन रीळ उघडलं की येतो तसा.

भ्यावं, असं तिच्या मनात आलं. पण भीती आली नाही. तिने दार लावलं आणि पुन्हा तांदूळ पाखडायला बसली.

संध्याकाळी हेमेंद्रने लाइट वर दाबला. "स्प्रिंग ढिली असन," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा लाइट लोंबत होता. नंतर तिसरा. क्रमाने, दारापासून आत. जसं कोणी एक-एक उतरवून काम करत पुढे सरकावं तसं.

हेमेंद्रचं तोंड पांढरं पडलं. तरी बोलायला कमी नाही.

"उंदरं असतीन."

"उंदरं स्प्रिंग काढतेत का रे बुवा?" सासरे, परसरामजी, एवढंच म्हणाले. ते त्या दिवसांत फार बोलत नसत.

मग भिंतीवर ते उमटलं.

बाहेरच्या बोर्डापासून येणारा वायरींचा पाइप भिंतीच्या आतून वर सीलिंगला जातो. त्या जागी, कोऱ्या गिलाव्यावर, एक ओला डाग.

मनकर्णाबाईने आधी पाहिला. जवळ गेली, पदराने पुसू लागली... आणि हात मागे घेतला.

"माय वो..."

हात होता. मोठ्या पुरुषाचा डावा हात. पण तळव्याच्या रेषा नव्हत्या. बोटांची पेरं होती, त्यांच्या मागची हाडं होती, चार नखांच्या चार खुणा होत्या.

उलटा हात.

भुताचे पाय उलटे असतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. उलटा हात कोणी ऐकला नव्हता. पण घाबरायला तेवढं पुरे झालं. घरात गर्भार मुलगी यायची होती, आणि न्हाणीघरात हे.

आणि दुर्गेश्वरी?

तिला कळलं होतं. तिने त्या डागाकडे पाहिलं मात्र, तिला कळलं होतं तो हात कोणाचा. भिंतीला पहिला हात उलटा कोण लावतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत?

पण ती बोलली नाही. मी तिला विचारलं, "काऊन नाही बोलली वो?"

"बोलून का झालं असतं? आतून काही हालतच नव्हतं," ती म्हणाली.

मनकर्णाबाईने कवडू पुजाऱ्याला बोलावलं. पंचक्रोशीत त्याचं नाव. आला, न्हाणीघराच्या दारात उकिडवा बसला, नाक फेंदारून वास घेतला.

"घरचाच आहे," तो म्हणाला. "काम अर्धवट टाकून गेला. आता कामाच्या मागं येऊन राहिला."

"मंग का करावं?" मनकर्णाबाईने विचारलं. पोटचा पोर होता हो तिचा. तिला त्याला हाकलायचं नव्हतं. पण एक पोर गेलं, दुसरीच्या पोटातलं जाऊ नये, एवढंच त्या बाईला कळत होतं.

"बांधा लागते. जिथं हात उमटला तिथं खिळा ठोका लागते. लोखंडाचा, हळदीत बुडवलेला. भर दुपारी."

"ठोका मंग."

"मी नाही." पुजाऱ्याने मान हलवली. "बायकोनं ठोकावा. तिच्याच हातचं ऐकंल तो."

सगळे दुर्गेश्वरीकडे बघू लागले.

तिने हात पुढे केला. पुजाऱ्याने खिळा दिला. वीतभर नसेल, पण जाडजूड. हेमेंद्रने हातोडा दिला, लाकडी दांड्याचा.

रोग रेड्याला अन् औषध पखालीला, ते असं. पण तेव्हा कोणाला सुचतं?

दिवसाउजेडीही न्हाणीघरातले लाइट लावले होते. पुजाऱ्याने सांगितलं होतं, उजेड पाहिजे.

तिने खिळा त्या ओल्या हातावर टेकवला. मधल्या बोटाच्या पेरावर.

आणि तेव्हा वरून आवाज आला. फक्त तिला. बाकीचे दाराबाहेर होते.

सर्र...

सीलिंगच्या वरून काहीतरी ओढलं जात होतं. मागच्या लाइटपासून पुढच्या लाइटकडे. पुढच्यापासून भिंतीकडे. तिच्याकडे.

सर्रर्र...

घाईत. कोणाला तरी वेळ पुरत नसावा, असं.

तिने पहिला घाव घातला. गिलावा फुटला.

सर्र...

दुसरा घाव. खिळा धरून उभा राहिला. तिने बोटं काढून घेतली.

आवाज आता अगदी डोक्यावर होता. भिंतीच्या वरच्या कडेला.

तिने तिसरा घातला. सगळं बळ लावून.

छतातले सगळे लाइट एकदा मिचकले...

आणि आवाज थांबला.

बाहेर कवडू पुजारी म्हणाला, "गेला."

भिंतीवरचा ओला डाग तिच्या डोळ्यांदेखत सुकला. नखांच्या खुणा सर्वांत शेवटी गेल्या.

तिने हातोडा हेमेंद्रच्या हातात दिला आणि घरात जाऊन भाजी चिरायला बसली.

पुजाऱ्याने जाताना बजावलं. न्हाणीघर बंद ठेवा. बाळंतीण घरी आली की पहिली आंघोळ तिची. तोवर दार उघडू नका.

त्यानंतर घर शांत झालं. टक् नाही, वास नाही, काही नाही. दुपार झाली की दुर्गेश्वरी सूप घेऊन अंगणात बसायची आणि तिचे कान न्हाणीघराकडे असायचे. तिथे इतकी शांतता असायची की तांदळाचा दाणा पडलेला ऐकू यावा.

एका दिवेलागणीला ती खोलीत गेली आणि तिचं लक्ष खुंटीकडे गेलं.

खुंटी रिकामी होती.

हिरवी वायर नव्हती.

हेमेंद्रने नेली असेल, तिला वाटलं. तिने कोणाला विचारलं नाही. विचारायला मनात काही तरी उठावं लागतं. ते उठत नव्हतं.

चेतना आली. दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. मायलेकी सुखरूप घरी आल्या. परसरामजींच्या घरात किती तरी दिवसांनी कोणी हसलं.

पहिल्या आंघोळीचा दिवस. उन्हं अंगणात उतरलेली. मनकर्णाबाईने सकाळीच न्हाणीघर उघडलं. दुर्गेश्वरीने बादल्यांनी पाणी मारून भिंती, फरशी सगळं खराट्याने घासून काढलं. तेव्हा लाइट बंद होते. दिवसा कशाला लावायचे?

घंगाळात कडुनिंबाच्या पाल्याचं कढत पाणी आलं. बाळ आजीच्या मांडीवर, तेल माखलेलं, दाराबाहेर उन्हात. आधी आईची आंघोळ, मग लेकीची.

"लाइट लाव रे हेमेंद्र!" मनकर्णाबाई बाळाला थोपटत म्हणाली. "माह्या हिमांशुनं हौसेनं केलं आहे. पहिली आंघोळ उजेडात होऊ दे."

हेमेंद्रने बाहेरचं बटण दाबलं. लाइट लागले.

चेतना आत गेली. अनवाणी, ओल्या फरशीवर. दुर्गेश्वरी तिच्या मागोमाग, तिला धरायला.

"पाणी लयच कढत आहे, वहिनी."

"थांब, गार मिसळवतो."

असंच बोलतात तिकडे, बाईसुद्धा. चेतना नळाला हात घालायला वाकली होती, तिला मागे करून दुर्गेश्वरीने स्वतःचा हात पुढे केला. नळ सोडायला. सगळे सोडतात तसा, तळवा पुढे करून.

आता नीट ऐका. हे तिने मला किती वेळा सांगितलं असेल, आणि एकदाही त्यात शब्दाचा फरक केला नाही.

नळ बोटभर लांब होता...

आणि कोणीतरी तिचं मनगट धरलं.

गार हात होता. जोर होता त्यात. त्याने मनगट पिळलं, तळवा फिरवला, तिचा हात उलटा केला.

मग तिच्या बोटांची मागची बाजू नळाला टेकली.

तिचा हात असा उडाला की जाऊन दाराच्या चौकटीवर आपटला. ती चेतनाला घेऊनच बाहेर फेकली गेली, दोघी अंगणात पडल्या. घंगाळ कलंडलं. हेमेंद्रने धावत जाऊन मेन पाडला.

चेतनाला खरचटलंसुद्धा नाही. बाळ आजीच्या मांडीवर ट्याँ करून रडलं.

आणि दुर्गेश्वरी ओरडली.

बांगड्या फुटताना जे ओरडायचं होतं ते. त्याला आणलं तेव्हा जे ओरडायचं होतं ते. शेजारची सुशिलाबाई भिंतीपलीकडून धावत आली, तिला वाटलं घरात कोणी गेलं. दुर्गेश्वरी मातीत लोळून रडत होती. हात दुखतो म्हणत होती. चौकट लागली, तेव्हाची भाजलेली बोटं दुखतात, छाती दुखते, सगळं दुखतं म्हणत होती. बधिर पडलेलं सगळं एकदम जागं झालं होतं. दिवस कलला तरी तिचं रडणं थांबलं नाही. मनकर्णाबाईने तिला थांबवलंही नाही.

हेमेंद्रने सडक अर्जुनीहून भुपेंद्रला आणलं. हिमांशुचा जोडीदार, नागपूरला दोघांनी बरोबर काम केलेलं.

भुपेंद्रने मेन बंद आहे हे आधी पाहिलं. मग खिळ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हा कोण्या शहाण्यानं ठोकला?"

हेमेंद्रने कवडू पुजाऱ्याचं नाव घेतलं.

खिळा बरोबर भिंतीतल्या पाइपात घुसला होता. बटणापासून लाइटला जाणारी वायर त्याने फोडली होती. बटण बंद असेल तोवर काही नाही. बटण दाबलं की खिळ्यात करंट, खिळ्यातून ओल्या भिंतीत, भिंतीतून नळाच्या लोखंडी पाइपात. अर्थिंग असतं, नळ अन् लाइट सगळं त्याला बांधलेलं असतं, करंट गळला की लाइन पाडणारं बटणही बसवलेलं असतं, तर पहिल्याच झटक्यात लाइन पडली असती. इथे काहीच नव्हतं.

"बाळंतीण ओल्या पायानं नळ धरती तं सुटली नसती," तो म्हणाला. "उलटा हात काऊन लावला तुम्ही, वहिनी? हिमांशुनं शिकवलं का?"

दुर्गेश्वरी मनगट चोळत होती. तिने मान हलवली. हो की नाही, त्याला कळलं नाही.

मग त्याने सीलिंगच्या पट्ट्या काढल्या. बॅटरी लावून वर पाहिलं.

स्टुलावरूनच बॅटरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली आणि पुन्हा परत आणली.

"हेमेंद्र," तो वरूनच म्हणाला. "अर्थिंगची वायर तूच टाकली का रे?"

"नाही. मी टाकलीच नाही. शपथ."

"मंग हे का आहे?"

हेमेंद्र वर चढला. खाली उतरला आणि धावत जाऊन वहिनीच्या खोलीतली खुंटी पाहून आला.

सीलिंगच्या वर हिरवी वायर होती. चांगली जाड. खुंटीवरची.

पहिल्या लाइटपासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला, प्रत्येकाची हिरवी शेपटी मोकळी करून नीट जोडलेली. प्रत्येक जोडावर काळी चिकटपट्टी, एक सुरकुती नाही. भुपेंद्रने एक जोड सोडवून पाहिला.

पीळ डावीकडे होता.

सगळे लाइट जोडून झाले होते. वायर शेवटच्या लाइटपासून भिंतीच्या कडेपर्यंत आली होती. तिथून पाइपातून खाली उतरली असती, बोर्डाला लागली असती, खड्ड्यात गेली असती. एवढंच उरलं होतं.

टोक भिंतीच्या कडेवर पडलं होतं. बरोबर खिळ्याच्या वर.

दुर्गेश्वरीने ते पाहिलं. तिला ती सर्र आठवली. ती घाई.

तो भूत होऊन आला नव्हता हो. तो कामावर आला होता. लाइट उतरवत होता, वायर ओढत होता. भिंतीत पाइप कुठून जातो ते हात लावून बघत होता. अजून एक दुपार मिळाली असती तर त्याचं काम झालं असतं.

आणि तिने त्याच्या हातात खिळा ठोकला होता.

भुपेंद्रने राहिलेलं सगळं केलं. खिळा उपटला, फुटलेली वायर बदलली. हिरव्या वायरीचं टोक खाली आणलं. नळाचा पाइप, लाइट, सगळं तिला बांधलं. खड्ड्यात पत्रा उभा पुरून मीठ-कोळसा भरला, बोर्डात ते लाइन पाडणारं बटण बसवलं. मग चाचणी घेऊन म्हणाला, आता लहान लेकरू खेळलं तरी भीती नाही.

मी पुढच्या महिन्यात गेले तेव्हा सगळं झालं होतं. दुर्गेश्वरी रोज सकाळी तुळशीला पाणी घालते आणि उरलेला गडवा अर्थिंगच्या खड्ड्यात रिकामा करते. माती ओली पाहिजे, भुपेंद्रने सांगितलं आहे. आता ती रडते, रागावते, चहा गरम लागला तर तोंड पोळलं म्हणते. माणसात आली.

भोक मात्र बुजवू देत नाही. हेमेंद्र पांढरं सिमेंट घेऊन गेला, तर त्याच्या अंगावर धावून गेली.

मी तिला म्हटलं, "अवं, खिळ्यानं तो बांधला गेला असता, तं त्या दिवशी तुहा हात कोणं धरला?"

तिने उजवं मनगट माझ्यापुढे केलं. बांगड्या होत्या तिथे एक पट्टा आहे. डाग नाही, वळ नाही, नुसतं पाहून काही कळत नाही. तिने पदराची पिन काढली आणि माझ्या देखत त्यात टोचली. रक्ताचा ठिपका आला.

तिने डोळ्यांची पापणीसुद्धा हलवली नाही.

"बाकी सगळं दुखते आता," ती म्हणाली. "येवढंच दुखत नाही."

मी तिचं मनगट हातात घेतलं. खरं सांगते, माझीही बोटं कशी कोण जाणे, उलटीच टेकली. सगळा हात उन्हाने ऊबदार होता.

तेवढा पट्टा गार होता.

"रोज दुपारी न्हाणीघराचं दार उघडं ठेवतो," ती भिंतीतल्या भोकाकडे बघत म्हणाली. "सगळं झालं, आता भीती नाही, हे त्याले कोणी सांगतलं असन का वो?"

मी आत जाऊन त्या भोकाला बोट लावलं, एवढंच. मी, जिच्या जिभेला हाड नाही.